घोड्याच्या पायावरच्या खपल्या: कोणती बाटली कामाची, कोणती नाही

घोड्यांच्या सामानात पायांसाठीचा कप्पा भरगच्च असतो. शाम्पू, फवारे, पांढरी मलमं, पिवळं तेल, गंधकाची भुकटी, निओप्रीन या रबरी कापडाचे बूट. बहुतेक डब्यांवर मजकूर सारखाच: ‘मड फीव्हरवर गुणकारी’. वाचून वाटतं, दुखणं एक आणि औषधं अनेक. फसगत तिथूनच सुरू होते. मड फीव्हर हे एका रोगाचं नाव नाही. घोट्याखाली, टाचेच्या खळग्यात आणि खुराच्या वरच्या कडेला खपल्या, भेगा, पाझरणारी लस आणि सूज दिसली की त्या दिसण्याला दिलेलं ते नाव आहे. ‘खोकला’ म्हणतो तसं. त्यामागे जिवाणू असतील, गोचिडांचे सूक्ष्म भाऊबंद म्हणजे माइट असतील, उन्हाची बाधा असेल, बारीक रक्तवाहिन्यांचा दाह असेल, यकृत बिघडलेलं असेल किंवा आधी लावलेलं मलमच बाधलं असेल. म्हणून इथे ब्रँडची तुलना नाही. बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे घटक लिहिलेले असतात त्यांची परीक्षा आहे: कोणता घटक कशावर, किती तीव्रतेचा, आणि तो वाया कसा जातो.

आधी थोडं कातडीबद्दल. धडधाकट कातडीला चिखल सहजासहजी काही करत नाही. पण ती तासन्‌तास ओली राहिली की वरचा थर फुगून मऊ पडतो. मग वाळूचा कण, खरखरीत ब्रश, कापलेल्या गवताचे खुंट, काहीही पुरतं; बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून आत शिरणाऱ्यांत डर्माटोफिलस काँगोलेन्सिस हा जिवाणू सगळ्यात बदनाम. ओल मिळाली की तो हालचाल करू शकणारे बीजाणू सोडतो आणि कोरड पडली की खपलीत महिनोन्‌महिने दबा धरून बसतो. त्याची खपली ओळखू येते: केसांचा पुंजका रंगाच्या ब्रशसारखा एकत्र चिकटतो, उचकटला तर खालची बाजू खोलगट आणि ओली निघते, आणि केसांची मुळं खपलीतून आरपार दिसतात. स्टॅफिलोकॉकस त्याच्या जोडीला असतो, बऱ्याचदा एकटाही असतो, आणि तो जास्त दुखतो. साध्या डोळ्यांनी या दोघांत फरक करता येईलच असं नाही. पशुवैद्यक खपलीचा ठसा काचेवर घेऊन रंगवतात. डर्माटोफिलस असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली गोल जिवाणूंच्या समांतर रांगा, रेल्वेच्या रुळांसारख्या, दिसतात. ही तपासणी छोटी आहे आणि तीन चुकीच्या बाटल्या वाचवते.

क्लोरहेक्सिडीन

एकच वस्तू घ्यायची असेल तर ही. जिवाणूंच्या खपल्यांवर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा 2 ते 4 टक्क्यांचा स्क्रब, म्हणजे फेस येणारं धुण्याचं द्रावण, बाकी सगळ्यांच्या पुढे आहे. तो कातडीला चिकटून राहतो, धुतल्यानंतरही काही तास त्याचा असर टिकतो, आणि थोड्याशा लस-रक्तात तो पोव्हिडोन आयोडीनइतका लवकर निकामी होत नाही. तरीही ‘लावलं, पण काही फरक नाही’ ही तक्रार याच बाटलीबद्दल फार येते. दोष बहुतेक वेळा बाटलीचा नसतो, घड्याळाचा असतो. फेस लावून लगेच पाणी मारलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. फेस कातडीवर दहा मिनिटं राहायला हवा, आणि दहा म्हणजे घड्याळात पाहून दहा. अंदाजाची दहा मिनिटं साधारण तीनची निघतात.

क्रम असा. केस लांब असतील तर आधी मशीननं कापावेत. अगदी कातडीलगत नको. साधारण दीड मिलिमीटर केस ठेवणारं 10 नंबरचं पातं पुरे. केसांच्या दिशेनं चालवायचं आणि पातं गरम होऊ द्यायचं नाही. वस्तऱ्यानं किंवा रेझरनं भादरू नये, त्यातून नव्या चिरा पडतात. पायाला झुपकेदार केस असलेल्या जातींच्या मालकांना हे जड जातं, पण ओल्या झुपक्याखाली औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. केस पुन्हा येतात.

मग खपल्या मऊ करणं. उपचारात नासाडी होते ती इथे. कोरडी खपली नखानं उपटली की खालचा कोवळा थर तिच्यासोबत निघतो, घोडा पाय झटकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी आधीपेक्षा मोठी खपली बसते. वर घोडा पाय हातात द्यायलाच तयार होत नाही, ते वेगळं. कोमट पाण्यात स्क्रबचा फेस करून पाच मिनिटं भिजवावं. जी बोटाच्या हलक्या सरकवण्यानं निघेल ती काढावी, जी धरून बसेल ती उद्यासाठी ठेवावी. खपल्या फार जाड असतील तर पांढरं पॅराफिन किंवा साधी पेट्रोलियम जेली जाडसर थापून, वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म सैल गुंडाळून, त्यावर कापसाची जाड गादी आणि पट्टी बांधून काही तास ठेवावं. यात दोन अटी. गादीशिवाय पट्टी नको, कारण खुराच्या वर स्नायू नाहीत, कातडीखाली थेट कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आहे, आणि घट्ट पट्टीचा दाब कंडरेवर बसतो. आणि हे भिजवणं एकदा, फार तर दोनदा. रोज रात्री फिल्म बांधली तर ज्या ओलीनं दुखणं आणलं तीच आपण पुरवत राहतो. निघालेल्या खपल्या पिशवीत भरून फेकाव्यात. तबेल्यात पडू दिल्या तर पुढच्या ओल्या दिवसांचं बियाणं पेरलं म्हणून समजा.

आता मूळ धुणं. एका पायाला 10 ते 15 मिली स्क्रब, थोडं पाणी, हातमोजे घालून बोटांनी फेस. ब्रश नको. दहा मिनिटं. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं, विशेषतः टाचेच्या खळग्यातून, कारण स्क्रबमध्ये फेस आणणारं डिटर्जंट असतं आणि ते तिथे राहिलं तर कातडी लाल होते. मग ‘औषध बाधलं’ म्हणून बाटली बाजूला पडते. त्यानंतर टॉवेलनं टिपणं. चोळणं नाही, टिपणं. एका टॉवेलनं पाणी, दुसऱ्या कोरड्या टॉवेलनं ओल. घोडा आवाजाला बुजत नसेल तर हेअर ड्रायर थंड किंवा अगदी मंद उष्णतेवर. खळग्यात कागदी रुमाल दाबून धरला आणि तो कोरडा निघाला की पाय कोरडा झाला.

पहिला आठवडा रोज एकदा. दिवसातून दोनदा धुतलं म्हणून दुप्पट वेगानं बरं होत नाही, उलट कातडीतलं तेल निघून नव्या भेगा पडतात. आठवड्यानंतर दोन-तीन दिवसांआड, आणि कातडी गुळगुळीत दिसू लागल्यावरही आणखी एक आठवडा. बरेच जण खपली पडली त्याच दिवशी थांबतात आणि पंधरा दिवसांनी ‘परत आलं’ म्हणतात. परत आलेलं नसतं, गेलेलंच नसतं.

या बाटलीला बिघडवणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, साबण. आधी साध्या साबणानं किंवा नेहमीच्या शाम्पूनं पाय धुवून नीट न खळबळता त्यावर क्लोरहेक्सिडीन लावलं तर दोन्हींचे विद्युतभार परस्परविरुद्ध असल्यानं औषध तिथल्या तिथे निकामी होतं. दुसरी, ब्लीच, ब्लीचमध्ये क्लोरहेक्सिडीन मिसळलं की तपकिरी गाळ बसतो, आणि तो कातडीवर लावण्याजोगा नसतो. तिसरी, जखमेवर घट्ट द्रावण. उघड्या, लालबुंद, ओल्या जागेवर स्क्रब चोळू नये. तिथे फेस न येणारं साधं द्रावण घेऊन 0.05 टक्क्यापर्यंत पातळ करावं: 5 टक्क्यांचं असेल तर 1 लिटर पाण्यात 10 मिली, 2 टक्क्यांचं असेल तर 25 मिली. ‘स्क्रब’ आणि ‘सोल्युशन’ या दोन शब्दांवर खरेदी करताना लक्ष ठेवावं, बाटल्या दिसायला जुळ्या असतात. डोळ्यांत कोणतंच जाऊ देऊ नये. याच्या घट्ट द्रावणानं बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

पोव्हिडोन आयोडीन हा दुसऱ्या क्रमांकाचा गडी. 10 टक्क्यांचं द्रावण दहापट पातळ करून, फिकट चहाच्या रंगाचं, वापरता येतं. पण लस, पू आणि चिखल यांत ते लवकर संपतं, कातडी जास्त कोरडी करतं आणि पांढऱ्या पायांवर डाग सोडतं. क्लोरहेक्सिडीन एखाद्या घोड्याला सोसत नसेल तर हे आहेच. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा 2.5 टक्के शाम्पू तेलकट, चिकट, वास येणाऱ्या खपल्यांवर उत्तम चालतो, कारण तो चिकटा तोडतो. पण कोरड्या, भेगाळलेल्या पायावर तो घातलाच तर भेगा खोल होतात. टॉवेलचा रंगही उडवतो, तेव्हा जुना टॉवेल घ्यावा.

मलमं: बरं करणारी आणि झाकणारी

मलमांत दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत ही या संपूर्ण विषयातली सगळ्यात महागडी चूक आहे. एक जात संसर्गाशी लढते, दुसरी निरोगी कातडी पाण्यापासून झाकते. झाकणारं मलम संसर्गावर थापलं की ओल आणि जिवाणू आत कोंडले जातात. वरून पाय चकचकीत दिसतो. चार दिवसांनी मलम पुसलं की खाली काय शिजलंय ते कळतं.

लढणाऱ्यांत 1 टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन हे पांढरं क्रीम भरवशाचं. धुवून कोरड्या केलेल्या पायावर पातळ थर, हातमोज्याच्या बोटानं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. ‘पातळ’ म्हणजे खालची कातडी दिसली पाहिजे. फ्युसिडिक ॲसिडचं मलम स्टॅफिलोकॉकसवर चांगलं, पण ते प्रतिजैविक आहे. तपासणीशिवाय, दर ओल्या हंगामात सवयीनं लावण्याची वस्तू नव्हे. पायांवर औषधांना न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस सापडतात, आणि ते हाताळणाऱ्या माणसाकडेही येऊ शकतात. हातमोजे म्हणूनच.

मग ती तिहेरी मलमं: प्रतिजैविक, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड एकाच नळीत. लावल्यावर दोन दिवसांत लाली उतरते आणि मालक खूश होतो. लाली उतरवली ती स्टेरॉइडनं. संसर्ग गेला की नाही हे त्यावरून कळत नाही. जास्त दिवस वापरलं तर कातडी पातळ होते आणि पुढच्या खेपेला आणखी लवकर फाटते. शिवाय स्पर्धेत किंवा शर्यतीत उतरणाऱ्या घोड्याच्या तपासणीत कातडीवरचं स्टेरॉइडही पकडलं जाऊ शकतं. पशुवैद्यकानं दिलं तर, दिलं तेवढे दिवस, आणि पुढच्या स्पर्धेची तारीख त्यांना आधी सांगून. घरातली उरलेली नळी शोधून काढून नव्हे.

झाकणाऱ्यांत झिंक ऑक्साइड पहिल्या नंबरावर. बाळांच्या लंगोटाच्या पुरळावरची जी पांढरी मलमं मिळतात त्यांतही हेच असतं, आणि सुगंध नसलेलं घेतलं तर ते घोड्यालाही चालतं. डब्यावर घोड्याचं चित्र असल्यानं घटक बदलत नाही. झिंक ऑक्साइडचा एक जास्तीचा फायदा म्हणजे ते ऊनही अडवतं. ते लावायचं केव्हा, तर कातडी बरी झाल्यावर किंवा मुळात बिघडलेली नसताना, पूर्ण कोरड्या आणि स्वच्छ पायावर, घोडा ओल्या कुरणात सोडण्याआधी. कालच्या चिखलावर आजचा थर देणं म्हणजे वाळू आणि तेलाचा लगदा करून कातडीवर चोळणं. पेट्रोलियम जेली पाणी अडवते पण आतला घामही अडवते, त्यामुळे ती काही तासांपुरती ठीक. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण, काही घोड्यांना बाधतं.

झुपकेदार पायांसाठी प्रसिद्ध असलेलं तेल-गंधकाचं मिश्रण, म्हणजे डुकराच्या चरबीचं किंवा खनिज तेल आणि त्यात गंधकाची भुकटी, याबद्दल मतं टोकाची आहेत आणि दोन्हीकडे थोडं खरं आहे. निरोगी पायावर ते चिखल चिकटू देत नाही, आणि गंधक माइटना थोडंफार दूर ठेवतं. पण ते औषध म्हणून उघड्या भेगांवर ओतलं तर जळजळ होते. काही घोड्यांची कातडी गंधकानं थेट भाजल्यासारखी होते. आधी तळहाताएवढ्या भागावर लावून 48 तास पाहावं. लाली, फुगवटा किंवा पाय आपटणं दिसलं तर विषय संपला. गुलाबी कातडीच्या पायावर तेल लावून घोडा कडक उन्हात सोडू नये. आणि बाटली वापरण्याआधी नीट हलवावी, नाहीतर वरच्या अर्ध्या बाटलीत नुसतं तेल येतं आणि तळाच्या चार धारांत सगळं गंधक.

वनस्पतींच्या अर्कांची हिरवी जेलं, टी ट्री तेल, व्हिनेगर: बाजूला ठेवली तरी चालतील. टी ट्री तेल पातळ न करता लावलं तर तेच पुरळ आणतं. निर्जंतुक केलेला औषधी मध मात्र खोल भेगेवर खरंच उपयोगी पडतो; माश्यांच्या दिवसांत तो पट्टीखालीच हवा.

पाय आपटणारा घोडा

घोडा रात्री पाय आपटतो, एक पाय दुसऱ्यावर घासतो, कुंपणाला टाच खरवडतो, झुपक्यात कोंड्यासारखा भुगा आहे: इथे वरचं सगळं बाजूला ठेवून आधी माइट शोधावेत. कोरिओप्टिस नावाचा हा माइट कातडीत बीळ करत नाही, वर फिरून कातडीचा भुगा खातो. थंडीत त्याचा जोर वाढतो. खरवडून काढलेला भुगा काळ्या कागदावर टाकून भिंगातून पाहिला तर पांढरे ठिपके चालताना दिसू शकतात.

इथे लोकप्रिय वस्तू म्हणजे तोंडातून द्यायची आयव्हरमेक्टिन पेस्ट, आणि तिचा निकाल निराशाजनक आहे. हा किडा रक्त पीत नाही, वरवर जगतो. पेस्टनं संख्या कमी होते, पण साफ होत नाही. काम करतात ती वरून लावायची औषधं. लाइम सल्फर 2 ते 5 टक्क्यांचं, आठवड्यातून एकदा, निदान चार वेळा: सडक्या अंड्याचा वास, पिवळे डाग, चांदीचे दागिने काळे, आणि तरीही सुरक्षित आणि परिणामकारक. 0.25 टक्के फिप्रोनिलचा फवारा केस कापलेल्या पायावर पूर्ण भिजेपर्यंत; हा बहुतेक ठिकाणी कुत्र्या-मांजरांसाठी मंजूर असतो, घोड्यासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्यानंच. जवळपास ससे असतील तर तो नकोच, सशांना फिप्रोनिल जीवघेणं ठरतं. सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू हलक्या प्रकरणात पुरतो. डोरामेक्टिनचं इंजेक्शनही दिलं जातं, पण तो निर्णय सुईसकट पशुवैद्यकाचा.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायला हवी: गुरांच्या गोचिडांवरचं अमिट्राझ घोड्याला लावू नये. घोड्याच्या आतड्याची हालचाल त्यानं मंदावते, चारा आत अडकतो आणि पोटशूळ जीवावर बेततो. गोठा आणि तबेला एकाच आवारात असेल तर बाटल्यांची अदलाबदल होणं अजिबात अवघड नाही.

माइटचं अंड्यापासूनचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं, आणि अंगाबाहेरही तो काही आठवडे तग धरतो. म्हणून एकदा औषध मारून भागत नाही. सोबतचे सगळे घोडे एकाच वेळी, अंथरूण पूर्ण बदलून, खराऱ्याचं सामान धुवून. एकाच घोड्यावर औषध करणाऱ्यानं ते पैसे पाण्यात घातले.

फक्त पांढऱ्या पायांवर

पंचकल्याणी घोड्याच्या चारही पांढऱ्या पायांवर खपल्या आल्या आणि शेजारच्या काळ्या पायाच्या घोड्याला, त्याच चिखलात उभा राहून, काही नाही. किंवा एकाच घोड्याचे पांढरे पाय बिघडले आणि काळा पाय स्वच्छ. अशा वेळी चिखलापेक्षा उन्हावर संशय घ्यावा. काही वनस्पतींतली द्रव्यं, जसं सेंट जॉन्स वर्ट, कातडीला थेट उन्हाला हळवी करतात. दुसरा प्रकार जास्त गंभीर: यकृत बिघडलं की हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून बनणारं फायलोएरिथ्रिन शरीराबाहेर टाकलं जात नाही, ते कातडीत साचतं आणि ऊन पडलं की कातडी भाजते. रॅगवर्टसारख्या तणांमुळे यकृत असं बिघडतं. नाकावरचा पांढरा पट्टाही सोलला असेल तर रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिसरा प्रकार रक्तवाहिन्यांच्या दाहाचा: खपल्या घट्ट, पायाच्या आतल्या-बाहेरच्या बाजूंना, आणि दिसण्याच्या मानानं दुखणं फार. त्याची खात्री कातडीचा तुकडा तपासूनच होते.

या तिन्हींवर क्लोरहेक्सिडीन दुय्यम आहे. इथे खरं औषध सावली. दिवसा तबेल्यात, सूर्य मावळल्यावर बाहेर. ते जमत नसेल तर ऊन अडवणारे जाळीचे पायमोजे. दाहाला स्टेरॉइडचा कोर्स लागतो, आणि घोड्याला स्टेरॉइड म्हटलं की खुराच्या आतल्या दाहाचा, म्हणजे लॅमिनायटिसचा, धोका मोजूनच.

शायर, क्लाइड्सडेल, बेल्जियन ड्राफ्ट अशा भारी जातींत पाय कायमचे सुजलेले, कातडीला वळ्या आणि गाठी पडलेल्या असतील तर तो लसीकावाहिन्यांचा, म्हणजे शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचा, वाढत जाणारा आजार असू शकतो. तो कोणत्याही बाटलीनं बरा होत नाही. केस कापलेले ठेवणं, माइट आटोक्यात ठेवणं, रोज चालवणं, एवढ्यानं त्याचा वेग कमी होतो.

बूट आणि पायमोजे

निओप्रीनचे, पूर्ण पाय झाकणारे बूट चिखल बाहेर ठेवतात या जोरावर विकले जातात. दोन तास ठेवतात. मग वरच्या कडेतून पाणी झिरपतं, वाळू आत जाते, घाम बाहेर येत नाही, आणि बूटच कातडीला सँडपेपर होतो. वापरायचेच तर ते आतून रोज तपासायचे, धुवायचे, वाळवायचे. म्हणजे दोन जोड्या हव्यात. हवा खेळणारे, लांब, ताणणारे मोजे याहून बरे, अट एकच: खुराच्या वर बोट घालता यावं इतकी जागा आणि घोट्याच्या मागे सुरकुती नसावी. चोवीस तास कुठलंच नको. ओल्या, संसर्ग झालेल्या पायावर कोणताही बूट नको. आणि एका घोड्याचा बूट दुसऱ्याला देणं म्हणजे दुखणं पार्सलनं पाठवणं.

जे विकत मिळत नाही

चिखल भरलेले पाय रोज पाइपनं धुणं ही स्वच्छता वाटते, पण पुष्कळ घोड्यांचे पाय त्या धुण्यानंच बिघडतात, चिखलानं नव्हे. धुतलं तर पूर्ण वाळवायचं. वाळवायला वेळ नसेल तर चिखल पायावरच सुकू द्यावा आणि मऊ ब्रशनं झाडावा. जोरदार फवाऱ्याची तोटी पायावर धरू नये, ती वाळू कातडीत ठोकते. कुरणाच्या दाराशी आणि पाण्याच्या हौदाजवळ चिखल सर्वांत खोल असतो. तिथे कापड अंथरून वर खडी टाकली किंवा हौद अधूनमधून हलवला तर पायांना जो आराम मिळतो तो कुठल्याच डब्यात नाही. तबेल्यातलं मूत्र मुरलेलं अंथरूण कातडीला चिखलाइतकंच जाचक.

खराऱ्याचा ब्रश प्रत्येक घोड्याला वेगळा. धनुर्वाताची लस चालू आहे का ते वहीत पाहून घ्यावं, कारण घोडा या रोगाला फार हळवा आणि भेगाळलेली टाच मातीत असते.

बाटल्यांचं राज्य संपतं ते अशा खुणांपाशी: घोडा लंगडतोय, सूज घोट्याच्या वर चढतेय, पाय गरम आणि ताठ, गुदमार्गातलं तापमान 38.5 अंश सेल्सिअसच्या वर. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर. किंवा सात ते दहा दिवस नीट, घड्याळ लावून धुतल्यावरही खपली तशीच. शेवटची खूण सोडून बाकी कुठलीही दिसली तर सकाळची वाट पाहू नये. सूज अशी चढते तेव्हा संसर्ग कातडीखालच्या थरात उतरलेला असू शकतो आणि तिथे पोटातून किंवा सुईतून दिलेलं प्रतिजैविकच पोचतं.

खरेदीचा क्रम लावायचा तर 4 टक्के क्लोरहेक्सिडीन स्क्रब, सहा जुने टॉवेल, हातमोज्यांचा डबा, केस कापायची मशीन, सिल्व्हर सल्फाडायझिन, आणि शेवटी झिंक ऑक्साइड. मलमाचा डबा घेतलाच तर नळीतलं घ्यावं. रुंद तोंडाच्या डब्यात तेच बोट पुन्हा पुन्हा जातं, आणि महिनाभरात त्या डब्यात पायावरचं सगळं काही राहायला येतं. डबाच घरात असेल तर लाकडी चमच्यानं लागेल तेवढं बाहेर काढून झाकण लावावं, आणि उरलेलं परत डब्यात ढकलू नये.